अठरा नाचांचा पिच्चर

२८ जुलै १९८७, मंगळवार

टँकर आज पण आला नाही. सकाळपासून गल्लीभर घागरी मांडून ठेवल्यात, बाया भांडून भांडून थकल्या आणि आता घागरींच्याच सावलीला बसल्यात. उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा झाला तेव्हा ह्याच चौकात पेढे वाटले होते. येत्या पंधरा ऑगस्टला पाच वर्षं होतील. कचेऱ्या आल्या, जीपा आल्या, साहेब आले. पाणी तेवढं उस्मानाबादलाच राहिलं वाटतं.

दुपारी शिवगंगा आली. माझ्या माणिकअण्णाची पोरगी, लातूरला गोलाईजवळ धान्याच्या दुकानवाल्यांकडं दिलेली, लग्नाला सव्वा वर्ष झालं. पंचमीला माहेरी आली म्हणावं, तर बापाकडं न जाता पेटी घेऊन सरळ माझ्या दारात. मी मशीनवर होते. पाय न थांबवता म्हटलं, "काय गं, बापाचं घर सापडलं न्हाई का?"

तिनं पेटीतून कागद काढला. लातूरच्या कलेक्टर कचेरीत टायपिस्ट क्लार्क म्हणून नेमणूक. सतरा ऑगस्टपर्यंत हजर व्हा, नाहीतर नेमणूक रद्द. सासरा म्हणाला म्हणे, आमच्या सुनेनं चार गड्यांत बसून मशीन बडवायची नाही. नवरा काही बोलला का, विचारलं. तर म्हणे, ते ताटाकडं बघत होते.

"मग आता?"

"आता काय. ते न्यायला येईपर्यंत जात न्हाई. नोकरीला हो म्हणून न्यायला येतील तरच जाईन. तुझ्यासारखं, आत्या."

तुझ्यासारखं म्हणाली. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, लई बरं वाटलं.

३० जुलै, पंचमी

सगळा दिवस नासला. पंचमीचा पिच्चर तुटला.

आमच्या अहमदपुरात पंचमीच्या दुपारी बारा वाजता टाकीजमध्ये बायकांचा खेळ असतो आणि पिच्चर एकच, अठरा नाचांचा. त्याचं खरं नाव आता कुणाच्या तोंडात येत नाही. तंबूतली टाकीज होती तेव्हा मालकानं त्याची जुनी प्रत विकतच घेतली, तेव्हापासून दर वर्षी चालू आहे. नाचणारणीची पोरगी मोठ्या घरची सून होते, सासरा नाच बंद करायला लावतो, आणि शेवटी भर चौकात, सगळ्या जमातीपुढं ती अठरावा नाच नाचते. काय नाचते! दगडाला घाम फुटावा. नाचता नाचता सासऱ्यापुढं येते आणि तो पटक्यावाला म्हातारा गादीवरून उठून उभा राहतो. संपला. दिवे लागतात. आम्ही बाया ओच्यातल्या पंचमीच्या लाह्या पडद्यावर फेकतो आणि टाळ्या कुटतो.

तसा पिच्चर भंगारच आहे. नायक म्हणजे नुसता मेणाचा पुतळा. तिचे कपडे असे की शिवताना मलाच लाज वाटावी, तरी गावातल्या पोरींना त्याच गळ्याचे ब्लाऊज मीच शिवून दिले. रोजच्या खेळाला गडी जायचे ते तिचे पाय बघायला. आम्ही सासरा बघायला जायचो.

मी पहिल्यांदा बघितला त्रेसष्ट साली. नायगावहून पंचमीला आले होते, लग्नाला वर्ष झालेलं. नायगावला दुकानाच्या पडवीत मी मशीन चालवायची. सासऱ्यानं बंद करायला लावली. म्हणाला, रस्त्यावरनं सुनेचे पाय हललेले दिसतात, नाचणारणीसारखे. इथं आले तर पडद्यावर हेच! पंधरा दिवसांत अकरा वेळा बघितला. त्या म्हाताऱ्यासारखा म्हातारा उठतो, तर माझा का नाही उठणार? नवऱ्याला कार्ड टाकलं, "हा पिच्चर बघा, म्हणजे माझ्या मनात काय आहे ते कळेल." आणि बसले वाट बघत. कार्डाला उत्तर नाही. कुणी आलं नाही. चौथ्या वर्षी कळलं, त्यानं दुसरी केली. पण मी वाकले नाही. हे सगळा गाव सांगतो, मी पण सांगते.

आज चौथ्याच नाचाला रीळ तुटलं. ऑपरेटर शिवमूर्तीनं दोनदा चिकटवलं, तिसऱ्यांदा चुरा हातात घेऊन बाहेर आला. म्हणाला, "न्हाई चालत आता. जीव गेला ह्याचा." बायांनी असा कालवा केला की मालकानं हात जोडले. रविवारी लातूरहून व्हिडिओ आणून टीव्हीवर फुकट दाखवतो म्हणाला.

शिवमूर्ती म्हणत होता, नको, व्हिडिओ कशाला, जाऊ द्या. ह्याला कुणी विचारलं होतं?

२ ऑगस्ट, रविवार

अक्षर बिघडलं तर बिघडू दे.

तो पिच्चर संपत नाही. सासरा उठल्यावर संपत नाही!

पडद्याखाली टेबलावर टीव्ही, समोर दोनशे बाया. अठरावा नाच झाला, म्हातारा उठला, आम्ही टाळ्या सुरू केल्या. शिवमूर्ती भिंतीला टेकून उभा होता, तो तरातरा आला आणि टीव्हीच्या बटणाला हात घातला. "झाला, झाला, चला." व्हिडिओवाला ओरडला, "ओ मामा, अजून अर्धा तास हाय!"

अर्धा तास! म्हातारा उठला तो पाठ फिरवून निघून गेला. मानानं नाही उठला, निघून जायला उठला. मागोमाग सगळी जमात, मेणाचा पुतळा पण. ती एकटीच नाचत राहते, पडते. मग ताप, देवळाच्या पायऱ्या, रडगाणं. शेवटी एका पहाटे सासरच्या दारात येते, घुंगरं उंबऱ्यावर ठेवते आणि म्हाताऱ्याच्या पायावर डोकं ठेवते. तो म्हणतो, "ऊठ सूनबाई, स्वयंपाकाची वेळ झाली." समाप्त.

स्वयंपाकाची वेळ झाली!

गल्लीतल्या पार्वतम्मानं चप्पल काढून फेकली, व्हिडिओवाला टीव्हीला मिठी मारून बसला. पण सगळ्याच चिडल्या असं नाही. निम्म्या डोळे पुसत होत्या. "बरं झालं बाई, संसार सावरला तिचा." एक म्हणाली, "शेवट कसा का असंना, नाच तर तसाच झ्याक हाय की." एक म्हातारी म्हणाली, असंच असतं, आपणच खुळ्या.

शिवगंगा माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघितलं नाही. घरी येऊन मशीनवर बसले आणि एका ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

३ ऑगस्ट, श्रावणी सोमवार

उपास होता. उपाशीपोटी राग वाढतो, पण उपास नसता तरी गेले असते.

शिवमूर्ती टाकीजच्या मागं पत्र्याच्या खोलीत राहतो, एकटाच. मला बघून त्यानं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. ह्या दुष्काळात काठोकाठ भरलेला. मी हात लावला नाही.

"उरलेली रिळं कुठायत?"

"दोन्ही डब्यात."

"कापली कुणी?"

"मी."

"का?"

"खेड्यात जायची शेवटची गाडी साडेनवाची. लोक शेवट न बघताच उठायचे, मग भांडायचे. मालक म्हणाले, गाडीच्या आधी संपीव. मी जिथं टाळी पडायची तिथं संपीवला."

"पंचमीचा खेळ दुपारी बाराला असतो. त्याला कोणती गाडी होती?"

नखानं टेबलावरचा डाग खरवडत बसला. मग म्हणाला, "उमाबाई, तुम्ही पुढच्या बाकावर बसायच्या. दर वर्षी. मला मशीनच्या भोकातून दिसायचं."

"मग?"

"मग काय. लाह्या फेकायच्या तुम्ही."

असला बिनडोक जबाब! लाह्या फेकते म्हणून बाईला चोवीस वर्षं खोटं दाखवायचं? मी तोंडाला येईल ते बोलले. तुझ्या कात्रीनं माझी जिंदगी कापली म्हटलं. तो ऐकून घेत होता. वर म्हणतो, पाणी तरी घ्या, उपास हाय तुमचा.

माझा उपास ह्याला कसा माहीत, देव जाणे. लबाड माणूस.

६ ऑगस्ट

सगळ्यांना माहीत होतं.

शेजारची कमलम्मा हैदराबादला भावाकडं गेली होती तेव्हा तिनं पुरा पिच्चर बघितला होता. पासष्ट साली! माणिकअण्णानं सोलापूरला बघितला. अजून किती जणांनी कुठं कुठं बघितला, आणि एकानं तोंड उघडलं नाही. आज कमलम्माला धरलं.

"सांगितलं का न्हाईस?"

"कधी सांगू? पहिल्यांदा तू वाट बघत व्हतीस, म्हटलं येतील बी, कशाला मोडता घालू. मग तू कर्ज काढून मशीन घेतलीस. मग पोरी यायला लागल्या शिकायला. तू लई ताठ चालायची उमे, रस्त्यानं. म्हटलं चालू दे."

"म्हणजे सारा गाव मला वेड्यात काढत होता."

"न्हाई गं. सारा गाव तुला भीत व्हता," म्हणाली आणि हसली. मी कप असा आदळला की कान तुटला.

घरी आले तर दुसरं नाटक. शिवगंगा पेटी भरून राहिली होती. नेमणुकीचा कागद चुलीशेजारी, काड्यांच्या पेटीखाली.

"आत्या, मी जाते परत. सासऱ्यांच्या पाया पडते. तिनं पण शेवटी तेच केलं की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आठ दिवसांमागं सासरा उठंल म्हणून बसली होतीस, आता पायावर लोळण घेणार! स्वतःचं डोकं हाय का टाकीजच्या मालकाला देऊन टाकलंस?"

ती म्हणाली, "तू कुणाचं डोकं वापरलंस, आत्या?"

कानफटात मारणार होते. हात उचलला पण होता.

कागद मी काढून माझ्या कपाटात ठेवला. पेटी तशीच अर्धी भरून पडली आहे.

८ ऑगस्ट

टँकर आला, अर्धा. मशीनचा पट्टा तुटला. लातूरहून कुणी आलं नाही.

११ ऑगस्ट, मंगळवार

नायगावला नवऱ्याला भेटून आले. कुणाला सांगितलं नाही. नांदेडला गाडी बदलली तेव्हा एकदा वाटलं, उलट्या गाडीत बसावं. नाही बसले.

दुकान तिथंच आहे. गुरुबसप्पा गल्ल्यावर बसून एका पोरीला साखर देत होते. सगळे केस पांढरे. मी पायरीजवळ उभी राहिले. म्हटलं, "ओळखलं का?" माप हातातून पोत्यात पडलं.

त्यांची बायको आतून आली. मी कोण ते तिला कुणी सांगावं लागलं नाही. पाणी दिलं, मागून सरबत आणलं आणि आत निघून गेली. तिचा काय दोष आहे. मला तिच्यावर रागवायचं होतं, जमलं नाही.

मी बसले पण नाही. उभ्या उभ्या विचारलं, "का न्हाई आलात?"

ते खरंच बुचकळ्यात पडले. म्हणाले, "तू यायचीस ना."

"मी?"

"आमचे अप्पा पहिल्याच वर्षी दुसरं स्थळ बघून राहिले होते. मी म्हटलं थांबा, ती येती. तीन वर्षं थांबवलं त्यांना. तू कार्डात लिहिलं होतंस, पिच्चर बघा म्हणजे मनातलं कळंल. मी नांदेडला जाऊन बघितला, तीनदा. शेवटी ती येती की, स्वतःहून. पाया पडती. म्हटलं, आपली बी येणार. अप्पांना पण सांगितलं, कार्डच लिहिलंय तिनं तसं. रोज सकाळी दार उघडताना बघायचो."

मी म्हटलं, "आमच्या अहमदपुरात न्हाई येत ती."

"म्हणजे?"

सांगितलं. दोन रिळं, कात्री, लाह्या, सगळं. ते ऐकताना तोंड उघडं ठेवून बसले. गिऱ्हाईक आलं, ते परत पाठवलं. मग म्हणाले, "अप्पा काही उठले नसते गं. पण मी आलो असतो."

हे ऐकून माणसाला रडू यावं. मला असा संताप आला की दुकानाची काच फोडावी. "तर मग यायचं होतं! पिच्चर कशाला बघत बसलात?"

"तू कशाला बघत बसलीस?" म्हणाले. आवाज चढवून नाही. सरळच विचारलं.

सरबत तसंच ठेवून आले.

१५ ऑगस्ट, शनिवार

शाळेच्या मैदानात झेंडा. जिल्ह्याला पाच वर्षं झाली म्हणून भाषणं. पोरं उन्हात चक्कर येऊन पडली, शिंपडायला पाणी नव्हतं. आणि पुढाऱ्याच्या जीपमधून मडकं उतरलं, गार, झाकण लावलेलं. मी सगळ्यांदेखत ते मडकं उचललं आणि पडलेल्या पोरांकडं नेलं. कुणी अडवलं नाही. कमलम्मा खरं बोलली होती, भितात मला.

लातूरहून आज पण कुणी नाही. शिवगंगा दिवसातून दहा वेळा दारात जाते. पायावर पडायला जाणार होती, तेही धाडस नाही. कधी म्हणते येतील, कधी म्हणते मीच जाते. परवा मुदत संपते.

१६ ऑगस्ट, रविवार

तिला समोर बसवलं आणि नायगावचं सगळं सांगितलं. मी हिकडं दाराकडं बघत होते, ते तिकडं दाराकडं बघत होते. दोघं आपापला पिच्चर धरून.

ती म्हणाली, "मग खरा शेवट कोणता, आत्या?"

"मला काय विचारतीस? मी काय पिच्चर काढला व्हता?" म्हटलं. मग जरा हळू म्हटलं, "उद्या सकाळी सहाची लातूर गाडी हाय. मी जाणार. तू आलीस तर दोन तिकिटं काढीन."

कपाटातून कागद काढून तिच्या मांडीवर ठेवला. तिनं तो तळहातानं सपाट करून बघितला. मग म्हणाली, "घडी पडली की गं. कागदाला इस्त्री चालती का?"

म्हटलं, गार इस्त्री फिरव. जाळशील नाहीतर.

१८ ऑगस्ट, मंगळवार

कालचं आज लिहिते.

दहाला कचेरीत पोचलो. पोरगी घामानं भिजलेली. तिथला हेडक्लार्क कागद उलटा सुलटा करून म्हणतो, "घरच्यांची, म्हणजे मिस्टरांची संमती हाय ना? नाहीतर चार दिवसांनी राजीनामे येतात बायकांचे."

मी म्हटलं, "तुम्ही रुजू झालात तेव्हा बायकोची चिठ्ठी आणली व्हती का?" मागच्या टेबलावरचे दोघं हसले. त्यानं मुकाट्यानं रजिस्टर पुढं सरकवलं. शिवगंगानं दस्तखत केली. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

मी दिवसभर आवारातल्या लिंबाखाली बसले. भाकरी खाल्ली, डुलकी काढली. साडेपाचला ती बाहेर आली, बोटांना कार्बनची निळाई. मी म्हटलं, "चल, सव्वासहाची गाडी हाय. खोली बघंपर्यंत रोज जा ये करावी लागंल. लांब पडतं, पण बघू."

ती म्हणाली, "तू जा, आत्या. पेटी कुणाबरोबर पाठवून दे."

"आणि तू?"

"मी घरी जाते."

"पाया पडायला?"

"न्हाई गं. कचेरी सुटली. सगळे आपापल्या घरी चाललेत. मी पण चालले."

"घरात घेतील का?"

"विचारायला कुठं चालले? भूक लागली मला."

आणि निघाली. मी मागं मागं गेले, तिला नको वाटत असलं तरी. गोलाईत गर्दी होती, कोपऱ्यावरच्या भांड्याच्या दुकानाआड उभी राहिले. सासरा दुकानाच्या गादीवर होता. तिनं त्याच्याकडं बघून डोक्यावर पदर घेतला, बाजूच्या दारापाशी चपला काढल्या, पाय पुसले. तो काहीतरी बोलला, जोरात. तीही काहीतरी बोलली, तिचं मला ऐकू आलं नाही. सासू दारात आली. दोघी जरा वेळ समोरासमोर उभ्या. मग शिवगंगा तिच्या बाजूनं वाट काढून आत गेली. म्हातारा बोलतच होता. उठला मात्र नाही. नवरा पोतं शिवता शिवता थांबला, बापाकडं बघितलं, दाभण ठेवला आणि तिच्या मागं आत गेला. पुढं काय झालं मला माहीत नाही. आदळआपट झाली असंल, रात्रभर पण झाली असंल. दार उघडं होतं, एवढं बघितलं.

चोवीस वर्षं मी एकच विचार केला, न्यायला येतील का नाही येतील. मशीन उचलावी, गाडीवर टाकावी आणि आपणच जाऊन पडवीत मांडावी, हे एका दिवसाला माझ्या डोक्यात आलं नाही. नवरा तर रोज सकाळी दार उघडतच होता.

सव्वासहाची गाडी चुकली. स्टँडच्या बाकड्यावर बसले आणि रडू फुटलं, चारचौघांत, लाज सोडून. शेजारी एक म्हातारी होती, तिनं पाठीवर हात ठेवला. "कोण गेलं गं, बाई?"

म्हटलं, "कुणी न्हाई मावशी. आमची पोरगी कामावरनं घरी गेली."